देह दिसला; देही कळला काय?



गेल्या दिवाळीची गोष्ट. माझी नात बेळगावला वैद्यकीयच्या पहिल्या वर्षात शिकते. सुट्टीला घरी आली असता रात्रीची जेवणे आटोपल्यावर तिने आपला लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “अज्जा, चष्मा लावा. तुम्हाला माणसाचा मेंदू दाखवते.” पडद्यावर मेंदू अधांतरी फिरत होता. बोट सरकवले की मागची बाजू पुढे येई, एक थर बाजूला सारला की आतला थर उघडा होई. दृष्टीचे केंद्र कोणते, वाचेचे कोणते, हात हलविणारे कोणते, ती एकेक दाखवीत गेली. शेवटी मिस्किलपणे म्हणाली, “तुम्ही प्रवचनात चैतन्य, आत्मा, अरिवु म्हणता ना? मग ते यात कुठे आहे, तेवढे बोट ठेवून दाखवा.”

मी हसलो खरा. पण उत्तर सुचेना. एवढ्यात माझी पत्नी भांडी आवरून पदराला हात पुशीत बाहेर आली. तिने पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “कोणाचा ग हा?” नात म्हणाली, “कोणाचा म्हणजे? अज्जी, हे सॉफ्टवेअर आहे.” त्यावर ती म्हणाली, “असेल. पण मेंदू कोणाचा तरी असणारच की!”

त्या रात्री घरात असे दोन प्रश्न उभे राहिले. नातीचा प्रश्न, आत्मा कुठे आहे? आणि आजीचा प्रश्न, हा कोणाचा? आपल्याला वाटते, पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा आणि दुसरा साध्या बाईमाणसाचा. मलाही तसेच वाटले होते. पुढे काही महिने वाचन आणि चिंतन केल्यावर माझे मत पालटले. ते कसे पालटले, हे आपणांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

प्रथम हा नकाशा होतो कसा, ते थोडक्यात पाहू. मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम. त्यात चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी. एवढ्या गुंत्याचा नकाशा करण्याचे मुख्य दोन मार्ग आहेत. एक जिवंत माणसाचा. प्रबळ चुंबकाच्या साहाय्याने, कोठेही न कापता, आतील चित्रे घेतली जातात. त्यालाच आपण एमआरआय म्हणतो. अनेक माणसांची अशी चित्रे एकत्र करून सरासरी मेंदूचा नकाशा बनवितात. कॅनडातील माँट्रियल येथे असा एक नकाशा ३०५ मेंदूंवरून तयार झाला आणि जगभर वापरला गेला. परंतु एका मुलखातील मापे दुसऱ्या मुलखातील माणसाला तंतोतंत लागू पडतीलच असे नाही. म्हणून हैदराबादच्या आयआयआयटी या संस्थेने १०० भारतीय तरुण-तरुणींच्या चित्रांवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार करून २०१९ मध्ये जाहीर केला. आपले मेंदू सरासरीने उंची, रुंदी आणि आकारमान यांत पाश्चात्त्य मापापेक्षा थोडे लहान आढळले. मात्र आकार लहान म्हणून बुद्धी कमी, असा अर्थ कोणी काढू नये. दुसऱ्याच्या अंगरख्याच्या मापाने आपला अंगरखा बेतला तर तो नीट बसत नाही, इतकेच त्याचे तात्पर्य.

दुसरा मार्ग मृत्यूनंतरचा. मेंदू मेणात बसवून यंत्राच्या पात्याने त्याचे अतिपातळ काप काढतात, प्रत्येक काप रंगवून त्याचे चित्र घेतात आणि ती सारी चित्रे संगणकात पुन्हा एकावर एक रचतात. जर्मनीतील युलिश आणि कॅनडातील माँट्रियल येथील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ‘बिगब्रेन’ नावाचा असा नकाशा प्रसिद्ध केला. पासष्ट वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूचे ७,४०४ काप. प्रत्येक काप २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ. काप काढताना जेथे फाटले वा सुरकुतले, तेथे संगणकाने ते सांधून घेतले. आपल्या देशातही मद्रासच्या आयआयटीतील मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ या नावाने मानवी गर्भाच्या मेंदूची त्रिमिती चित्रे सर्वांसाठी खुली केली. चौदा ते चोवीस आठवड्यांच्या पाच गर्भांचे मेंदू आणि त्यांचे ५,१३२ काप.

याचा उपयोग काय, हे सांगावयास नको. मेंदूत गाठ झाली तर बोलण्याचे, चालण्याचे केंद्र वाचवून गाठ काढता यावी. कंपवाताच्या रुग्णाला मेंदूत तार घालून आराम द्यावयाचा तर काही मिलिमीटरच्या जागी ती नेमकी पोहोचावी. विद्यार्थ्याने जिवंत माणसावर सुरी धरण्याआधी शंभर वेळा पडद्यावर वाट पाहून घ्यावी. हे सारे पुण्यकर्मच आहे. यात धर्माला बाधक असे काही नाही, उलट साधकच आहे.

आता नातीच्या प्रश्नाकडे वळू. आत्मा कुठे आहे?

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. माँट्रियलला वाइल्डर पेनफील्ड नावाचे थोर शल्यविशारद होऊन गेले. फेफऱ्याच्या रुग्णांवर, त्यांना शुद्धीत ठेवून, ते मेंदूची शस्त्रक्रिया करीत आणि विजेच्या सौम्य स्पर्शाने कोणता भाग काय करतो ते पाहत. स्पर्श होताच रुग्णाचा हात हले. पण विचारले तर रुग्ण सांगे की हात मी हलविला नाही, तुम्ही हलविलात. १९७५ च्या आपल्या ग्रंथात पेनफील्डनी लिहिले की, विजेच्या स्पर्शाने माणसाला निर्णय घ्यावयास लावील अशी जागा मेंदूत आपल्याला सापडली नाही. हा दाखला मी प्रवचनांत वर्षानुवर्षे दिला. “पाहा, हात यंत्राने हलतो, पण इच्छा यंत्राने होत नाही, ती इच्छा करणारा तो देही!” असे म्हटले की श्रोते माना डोलावीत.

नातीने हे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मला २००९ मधील एका फ्रेंच प्रयोगाची माहिती वाचून दाखविली. मेंदूच्या शस्त्रक्रियेत जागे असलेल्या सात रुग्णांच्या मेंदूच्या पार्श्वभागी विजेचा स्पर्श केला असता त्यांना हात, पाय वा ओठ हलविण्याची इच्छा झाली. स्पर्श वाढविला तेव्हा काहींना आपण हालचाल केलीच असे वाटले. प्रत्यक्षात काहीच हलले नव्हते. म्हणजे इच्छा, इतकेच नव्हे तर ‘मी केले’ ही भावनासुद्धा, तारेच्या टोकाने जागविता येते!

वाचकहो, त्या दिवशी माझा आवडता दाखला गेला. प्रथम वाईट वाटले. मग विचार केला की दोष प्रयोगाचा नाही, माझ्या मांडणीचा आहे. विज्ञानाला जे अजून दिसले नाही, तेथे मी आत्म्याचे घर बांधले होते. भिंतीतल्या भेगेत लावलेले रोप भेग बुजविली की मरते. ज्ञानाच्या अपुरेपणावर जी श्रद्धा उभी राहते, तिला ज्ञान वाढले की पळावे लागते. असा आधार आपण का घ्यावा?

शेताची मोजणी झाली की भूमापन खात्याचा नकाशा मिळतो. तो खोटा नसतो. बांध, विहीर, वाट सारे त्यात असते. त्यावाचून वाटणी होत नाही, कर्ज मिळत नाही. पण यंदा या शेतात ज्वारी पेरावी की हरभरा, बांधावरून भावाशी भांडावे की दोन हात जमीन सोडून द्यावी, हे नकाशा सांगत नाही. नकाशा अपुरा राहिला म्हणून सांगत नाही, असे नव्हे. इंच-इंच मोजला तरी सांगणार नाही, कारण तो प्रश्न मोजणीचा नाही, वागण्याचा आहे. मेंदूच्या नकाशाचेही असेच. इच्छा कोठे उठते ते उद्या पूर्णपणे कळेल. परंतु उठलेल्या दहा इच्छांपैकी कोणती धरावी आणि कोणती सोडावी, हा प्रश्न माझ्यापुढे जसाच्या तसा उरेल.

आपल्या शरणांनी अरिवु आणि आचार यांची फारकत कधी केली नाही. अरिवु हृदयात आहे की मस्तकात, याचा खल करण्यापेक्षा ते कोठे प्रकट होते, हे त्यांनी पाहिले. ते कायकात प्रकट होते, दासोहात प्रकट होते, शेजाऱ्याशी बोललेल्या शब्दात प्रकट होते. ज्याचा आचार नाही त्याचे अरिवु कोठे बसते, याची मोजणी करून काय उपयोग? म्हणून नातीला मी उत्तर दिले, “पोरी, या चित्रात बोट ठेवायला मला जागा नाही. पण हे चित्र पाहून तू उद्या रुग्णाशी कशी वागतेस, तेथे मी बोट ठेवीन.” तिला उत्तर पटले की नाही, ठाऊक नाही. मला मात्र त्यातून आजीचा प्रश्न मोठा दिसू लागला. हा कोणाचा?

नातीने शोध घेतला. तिच्या पडद्यावरचे चित्र नेमके कोणाचे, ते तिला कळले नाही. पण अशा चित्रांचा इतिहास मात्र हाती आला. त्यातील दोन माणसांची हकीकत सांगतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने संपूर्ण मानवी देहाची त्रिमिती चित्रे करविली. पहिला देह नोव्हेंबर १९९४ मध्ये जगापुढे आला. तो जोसेफ पॉल जर्निगन याचा होता. १९८१ साली त्याने टेक्सासमध्ये एका वृद्धाचा खून केला आणि ५ ऑगस्ट १९९३ रोजी त्याला विषारी इंजेक्शनाने देहान्त शासन झाले. तुरुंगातील धर्मोपदेशकाच्या सांगण्यावरून त्याने देहदानाच्या कागदावर सही केली होती. त्याचा देह गोठवून एकेक मिलिमीटरचे १,८७१ काप काढले गेले. आज तो जगातील असंख्य विद्यार्थ्यांचा मूक शिक्षक आहे. पुढच्या वर्षी एकोणसाठ वर्षांच्या एका स्त्रीचा देह आणखी बारीक कापांत आला. तिचे नाव गुप्त ठेवले गेले.

जर्निगनने विज्ञानासाठी देह दिला, हे खरे. परंतु आपल्या देहाची प्रत्येक चकती जगभर घरोघरी उघडली जाईल, याची कल्पना त्याला नव्हती. मृत्यूची वाट पाहत कोठडीत बसलेल्या माणसाची ‘हो’ कितपत मोकळी असते, हाही प्रश्न आहेच. कोणी म्हणेल, खुनी माणूस तो, त्याला काय विचारावयाचे? वाचकहो, येथेच सावध असावे. गुन्ह्याची शिक्षा न्यायालयाने दिली आणि ती भोगून झाली. त्यानंतर त्याच्या देहाकडून आपण विद्या घेतली. ज्याच्याकडून विद्या घेतली तो त्या विद्येपुरता गुरू झाला. गुरूचे पूर्वचरित्र वाईट म्हणून आपले ऋण कमी होत नाही.

दुसरा हेन्री मोलेसन. जन्म १९२६. फेफऱ्याने बेजार झाला म्हणून १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतील भाग शस्त्रक्रियेने काढला गेला. त्या भागाचे काम काय, हे तेव्हा कोणाला नीट माहीत नव्हते. फेफरे पुष्कळ कमी झाले, पण नवी आठवण धरण्याची शक्ती गेली. आता भेटलेला माणूस बाहेर जाऊन परत आला की हेन्रीला तो नवा. पन्नास-पंचावन्न वर्षे शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करीत राहिले आणि ग्रंथांत त्याला केवळ ‘एच. एम.’ या अक्षरांनी ओळखले गेले. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला आरशात पाहून तारा गिरविण्यास दिला. रोज हात सुधारत गेला. पण हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला एकदाही आठवले नाही. मनाला ठाऊक नसतानाही हात शिकतो, हे जगाला त्याच्यामुळे कळले. २ डिसेंबर २००८ रोजी तो वारला. पुढील वर्षी कॅलिफोर्नियात त्रेपन्न तासांत त्याच्या मेंदूचे २,४०१ काप काढले गेले. त्यांवरून उभा केलेला त्रिमिती नकाशा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसले की काढून टाकला असे समजले जाणारा काही भाग प्रत्यक्षात शिल्लकच होता.

आपल्यापासून जे कळेल ते दुसऱ्यांच्या उपयोगी पडावे, अशी भावना हेन्री बोलून दाखवी. हे वाचून मला प्रथम दासोहाची आठवण झाली. दासोहात ‘मी दिले’ हा भाव नसावा, असे आपण मानतो. या माणसाला तर दिल्याची आठवणच नव्हती! पण थोडा विचार केल्यावर मन कचरले. ज्याला आठवत नाही तो नाही तरी कसे म्हणणार? कालचे ‘हो’ आज मागे घ्यावयाचे तर काल काय म्हटले ते स्मरावे लागते. १९९२ मध्ये त्याच्या मेंदूदानाचा कागद झाला तो न्यायालयाने नेमलेल्या पालकाच्या सहीने, आणि त्याविषयीही पुढे प्रश्न उठले. जाणून अहंकार सोडणे आणि नकळत सारे निघून जाणे, या दोहोंत अंतर आहे. पहिला दासोह. दुसऱ्यात देणारा कोणी नाही, घेणाराच आहे. आणि म्हणून घेणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते.

हे परक्या देशातील झाले. आपल्याकडे काय? कर्नाटकात १९५७ च्या ॲनाटमी कायद्याने बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना शिक्षणासाठी देता येतो. महाराष्ट्रातही १९४९ चा तसा कायदा आहे. कायदा उपयुक्त आहे, त्यावाचून डॉक्टर घडले नसते. पण त्याचा अर्थ नीट पाहा. रस्त्यावर मेलेला, नातलग नसलेला, गरिबातला गरीब माणूस, ज्याला जिवंतपणी कोणी शाळेत बसू दिले नाही, तो मेल्यावर आपल्या मुलांचा शिक्षक झाला. त्याला कोणी विचारले नव्हते. समतेचा वारसा सांगणाऱ्या आपण ही गोष्ट कधी मनावर घेतली काय? मुले आमची शिकावीत आणि देह दुसऱ्यांचे असावेत, हे कोणत्या आचारात बसते?

याउलट एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. बैलहोंगलच्या एका वैद्यांनी आपला देह द्यावा असे लिहून ठेवले होते. २०१० साली बेळगावच्या आयुर्वेद महाविद्यालयात त्यांच्या मुलानेच, जो तेथे अध्यापक होता, विद्यार्थ्यांसमोर पित्याच्या देहाचे विच्छेदन केले. ही घटना ऐकून कोणी कानांवर हात ठेवले, कोणी हात जोडले. मी त्या वेळी कानांवर हात ठेवणाऱ्यांत होतो, हे येथे कबूल करतो.

आता आपण विचाराल, “हे सारे ठीक, तुमचे स्वतःचे काय?” विचारणे रास्त आहे. देहदानाचा अर्ज माझ्या कपाटात आठ महिने पडून आहे. मी तो सहीविना ठेवला होता, कारण मन तयार नव्हते. आपल्याकडे समाधी देण्याची रीत. बसवण्णांनी देहालाच देवालय मानले. मग ते देवालय विच्छेदनाच्या मेजावर द्यावे काय? पण विचाराअंती मला असे वाटू लागले की, देवालयाचे मोठेपण त्याच्या भिंती जपण्यात नाही, तेथे कोणी भुकेला आला तर काही पदरी घेऊन जातो की नाही, यात आहे. इष्टलिंगाचे काय करावे, हे मी गुरूंना विचारले आहे. आपणही आपापल्या गुरूंनाच विचारावे. माझे मन तयार झाले.

तरीही अर्जावर सही झालेली नाही. कारण पत्नीने विचारले, “तुमची समाधी नसली तर शिवरात्रीला मी फूल कुठे वाहू?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. मी गेल्यावर देह स्वाधीन करण्याचे काम तिने आणि मुलांनी करावयाचे आहे. कोठडीतल्या माणसाची, आठवण गेलेल्या माणसाची, बेवारस माणसाची संमती घेतली नाही म्हणून इतका वेळ मी दुसऱ्यांना बोल लावला. मग बायकोच्या मनाविरुद्ध सही करून मोकळा झालो, तर मी वेगळे ते काय केले? तिची ‘हो’ मोकळेपणी यावी, तोवर मी थांबणार आहे. न आली तर माझी समाधी होईल आणि ऋण फेडावयाचे राहील. तेही मला मान्य करावे लागेल.

मात्र तिने एक गोष्ट केली. नात परत जावयास निघाली तेव्हा तिला जवळ घेऊन म्हणाली, “ते चित्र उघडशील तेव्हा आधी हात जोड. नाव ठाऊक नसले तरी चालते.” आता अनेक महाविद्यालयांत पहिल्या दिवशी विद्यार्थी देहापुढे उभे राहून आदराची शपथ घेतात. पडद्यावरच्या देहापुढे अशी शपथ मी कोठे ऐकली नाही. तेथे वास नाही, थंडगार स्पर्श नाही, म्हणून हा कोणी माणूस होता, हे विसरणे फार सोपे. अजून पुष्कळ मुले पडद्यावरच शिकतील, आणि ते चांगलेच आहे. फक्त त्यांच्या घरी कोणीतरी एकदा विचारणारे असावे.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरातील मुलगा वा मुलगी वैद्यकीय शिकत असेल तर तिला एवढेच विचारा, “कोणाचा ग हा?” आणि आपल्या मनातही विचारा, मी विद्या घेतली, औषध घेतले, शस्त्रक्रियेने बरा झालो, यामागे ज्यांचे देह होते त्यांचे मी काय देणे लागतो? उत्तर देहदानच असावे, असा माझा आग्रह नाही. पण प्रश्न टाळू नये, एवढी विनंती.

शरणु शरणार्थी.